सप्टेंबरातला सँटा: कॅम्पातल्या एका दुकानाचं प्रकरण

२०२३ ला पुण्याच्या कॅम्पातल्या एका दुकानात नाताळचा माल गणपतीच्या आधीच लागला, त्याची ही गोष्ट. दुकानाचं नाव सांगणार नाहीये, गल्लीही नाही, सेंटर स्ट्रीटपासून चालत पाच मिनिटं एवढं पुरे. मी तीनचार छोट्या दुकानांचे हिशोब बघते त्यातलं हे एक. मालकांना विचारूनच लिहितेय, त्यांची अट एकच होती, "माझं हसं होईल असं काही लिहू नकोस", आणि ती पूर्ण पाळता येणार नाही हे त्यांनाही माहितेय. रकमा थोड्या इकडेतिकडे केल्यात, प्रमाण तेच ठेवलंय. माणसांना नावं देत नाही, काका म्हणजे मालक, दादा म्हणजे त्यांचा मुलगा, ताई म्हणजे काउंटरवर १४ वर्षं असलेल्या ताई, आणि टीचर म्हणजे जुन्या गिऱ्हाईक.

पार्श्वभूमी

दुकान साधारण सव्वादोनशे स्क्वेअर फूट, वर एक माळा, ज्यावर वाकूनच चढावं लागतं. वर्षभर बर्थडेचं सामान, गिफ्ट, रॅपिंग पेपर, आणि सणांप्रमाणे पुढची रॅक बदलत जाते, राखी मग गणपतीची सजावट मग टिपऱ्या मग आकाशकंदील मग नाताळ. माळा एकच, त्यामुळे एक सण खाली उतरला की दुसरा वर चढतो. काका चाळीस वर्षं हे करतायत, कागदावर काही नाही, सगळं डोक्यात.

नाताळ या दुकानाला नवा नाही. कॅम्पातलं सेंट झेवियर्स, क्वार्टर गेटचं सिटी चर्च (ज्याला पेशवाईत सवाई माधवरावांच्या काळात जागा मिळाली), गुरुवार पेठेतलं पंचहौद चर्च, या सगळ्या भागातली मराठी, गोवेकर, तमिळ, मल्याळी ख्रिस्ती घरं वर्षानुवर्षं इथून तारे आणि गोठ्याच्या मूर्ती नेतात. गेल्या दहाबारा वर्षांत त्यात बाकीचं पुणं मिसळलं. सोसायट्यांच्या लॉबीत झाड उभं राहायला लागलं, नर्सरीच्या ग्रुपवर "उद्या लाल ड्रेस आणि सँटा कॅप" असे मेसेज रात्री नऊला यायला लागले आणि साडेनऊला आईबाप शटर अर्धं खाली असताना धावत यायला लागले. धंदा वाढला हे खरं.

खरी सुरुवात २०२२ मध्ये झाली. त्या वर्षी पाडव्याच्या सुमारास कोविडचे निर्बंध उठले, लोक दोन वर्षं घरात कोंडून वैतागलेले, लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला म्हणजे दिवाळी लवकर आटोपली, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात दुकानात झाडं लागली सुद्धा. १८ डिसेंबरला सहा फुटी झाडं संपली, गोठ्याचे सेट त्याच्याही आधी. शेवटचा आठवडा काका "संपलं, संपलं" म्हणत बसले होते. दादाने त्यातून अर्थ काढला की लवकर लावलं म्हणून विकलं गेलं, म्हणजे अजून लवकर लावलं तर अजून विकलं जाईल.

वरवर बरोबर वाटतं. पण २०२२ ला माल लवकर लागला तरी भाऊबीज झाल्यावरच लागला होता, हे कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. २०२३ ला श्रावण अधिक होता, त्यामुळे गणपती, दसरा, दिवाळी सगळं १९ दिवस पुढे सरकलं, चतुर्थी १९ सप्टेंबर, लक्ष्मीपूजन थेट १२ नोव्हेंबर. दिवाळी ते नाताळ २०२२ ला ६२ दिवस मिळाले होते, २०२३ ला ४३. नाताळ आपला २५ डिसेंबरला खुंटा ठोकल्यासारखा बसलेला, आपले सण मात्र पुढेमागे होतात, आणि दुकानदाराला या दोन्ही कॅलेंडरांच्या मधे संसार करायचा असतो.

३१ ऑगस्टचा फोन

होलसेलरचा फोन आला ३१ ऑगस्टला. आज माल उचला तर ८ टक्के डिस्काउंट, वर ६० दिवसांची उधारी. छापील भाव १,८०,००० चा माल, डिस्काउंट जाऊन १,६५,६००. दादाने तिथल्या तिथे हो म्हटलं. काका जेवायला घरी गेले होते.

इथे थोडं थांबते कारण सगळं प्रकरण या फोनमध्येच आहे. हा माल बहुतेक चीनमधून येतो, यीवू म्हणून शहर आहे तिथे नाताळच्या सजावटीचे ढिगारे तयार होतात, कंटेनर न्हावा शेवाला उतरतात, मग मुंबईचे आयातदार, मग पुण्याचे होलसेलर. होलसेलरच्या गोडाउनमध्ये ऑगस्टमध्ये हा माल येऊन पडलेला असतो आणि त्याला तीच जागा दिवाळीच्या मालासाठी हवी असते. म्हणजे तो जे ८ टक्के सोडतो ते दानधर्म म्हणून सोडत नाही, ते तुमच्या माळ्याचं भाडं आहे, आणि तुमच्याकडे माळा रिकामा असेल तरच ते घेण्यात अर्थ आहे. या दुकानाचा माळा त्या दिवशी मखरांनी आणि कापडी फुलांच्या तोरणांनी छतापर्यंत भरलेला होता.

२ सप्टेंबरला टेम्पो आला, १९ खोकी. माळ्यावर जागा नाही, मागच्या दाराशी ठेवली तर जायला वाट नाही. दादा म्हणाला मग लावूनच टाकू, नाहीतरी मोठ्या दुकानांत सगळे लवकरच लावतात, परदेशात तर आत्ताच सुरू होतं. हे परदेशाचं त्याचं म्हणणं खोटं नाही. लंडनच्या काही मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये जुलै-ऑगस्टमध्येच ख्रिसमसचा विभाग उघडतो, पण ते मुख्यतः उन्हाळ्यात आलेल्या टुरिस्टांसाठी, जे डिसेंबरात परत येणार नसतात. फिलिपिन्समध्ये सप्टेंबर लागला की गाणी सुरू, पण तो बहुसंख्य ख्रिस्ती देश आहे आणि तिथे मधे गणपती बसत नाहीत. सेंटर स्ट्रीटच्या मागच्या गल्लीत सप्टेंबरात टुरिस्ट येत नाही, तुमचाआमचा शेजारी येतो, कंठी आणि मोत्याचा हार मागायला.

अडचण

१६ सप्टेंबर, शनिवार, गणपतीच्या आधीचा शेवटचा वीकएंड. दुकानाच्या तोंडाशी सहा फुटी झाड, त्यावर लाल बो, झाडाच्या पायाशी जागा नसल्यामुळे मखरांचे फ्लॅट बॉक्स टेकवलेले, आणि काउंटरच्या कोपऱ्यात तो कंबर हलवणारा सँटा, ज्याच्या पोटावर बटण दाबलं की तो गातो. दर पोराने जाताना एकदा आणि येताना एकदा दाबायचं. ताईंनी तिसऱ्या दिवशी त्याचे सेल काढून स्वतःच्या पर्समध्ये ठेवले, दादा दोन दिवस शोधत होता की पीस खराब आला का.

त्या शनिवारी एक काकू आत आल्या, झाडाकडे बघितलं, बॉक्सकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अहो, आमचे बाप्पा अजून बसायचेत आणि तुम्ही सँटाला आधीच आसन दिलंत होय!" चिडून नाही, मजेतच म्हणाल्या, सगळे हसले. पण त्यांच्यामागे उभ्या असलेल्या कुणीतरी फोटो काढला आणि रात्रीपर्यंत तो दोनतीन सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरत होता, "कॅम्पात यंदा नाताळ चतुर्थीच्या आधी". दुकानाचं नाव फोटोत अर्धंच दिसत होतं ही त्यातली कृपा.

काकांनी मग जे केलं ते अस्सल पुणेरी. कार्डबोर्डवर स्केचपेनने पाटी लिहिली आणि झाडाला अडकवली, "हा माल फक्त ठेवायला जागा नाही म्हणून ठेवला आहे. चौकशी दिवाळीनंतर करावी." म्हणजे १,६५,६०० चा माल आणून त्यावर स्वतःच लिहिलं की विकत घेऊ नका. अर्थातच पाटीचा फोटो झाडाच्या फोटोपेक्षा जास्त फिरला.

चेष्टा दोन दिवसांत विरते, तिचं काही नाही. आतल्या अडचणी वेगळ्या होत्या आणि त्या हळूहळू वर आल्या.

एक म्हणजे जागा. गणपतीच्या आठवड्यात पुढची रॅक म्हणजे सोनं, आणि त्यातली निम्मी झाडाने आणि बॉलच्या बॉक्सनी खाल्लेली. कंठ्या आतल्या रॅकवर गेल्या, लोकांना दिसल्याच नाहीत, "नाहीयेत वाटतं यांच्याकडे" म्हणून पुढे गेले. हे किती गेले ते मोजता येत नाही, न आलेल्या गिऱ्हाइकाचं बिल फाटत नाही.

दुसरं म्हणजे टीचर. रिटायर झालेल्या, गुरुवार पेठेच्या बाजूच्या, मराठी ख्रिस्ती, पंचवीस वर्षं इथूनच घेतात. दादाला वाटत होतं निदान त्यांना तरी आनंद होईल. त्यांनी गोठ्याच्या सेटमधला छोटा बाळ हातात घेतला, पदराने त्याच्यावरची धूळ पुसली आणि म्हणाल्या, "आमचा आगमनकाळच अजून अडीच महिन्यांवर आहे रे. तू यांना आत्ताच काढलंस, बाळ येईपर्यंत काळे पडतील." आगमनकाळ म्हणजे नाताळच्या आधीचे चार रविवार, २०२३ ला तो ३ डिसेंबरला सुरू होणार होता. त्यांच्या घरी गोठा मांडतात पण बाळ २४ च्या रात्रीच ठेवतात, तोपर्यंत गव्हाणी रिकामी. आणि मग त्या जे बोलल्या ते कुणालाच अपेक्षित नव्हतं. म्हणाल्या की लवकर आणता त्याचं एवढं नाही, तुम्ही लवकर काढता त्याचं वाईट वाटतं, आमचा नाताळ २५ ला सुरू होतो आणि ६ जानेवारीपर्यंत, तीन राजांच्या सणापर्यंत चालतो, आणि तुम्ही सव्वीसला सकाळी '५० टक्के सूट' लावून सगळं उतरवता. खरंच होतं ते, सव्वीसला दुकानात कायम तेच व्हायचं.

तिसरं, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महाग, चेक. २ सप्टेंबरपासून ६० दिवस म्हणजे १ नोव्हेंबर. म्हणजे नाताळचा खरा सीझन सुरू व्हायच्या आधी, दिवाळीच्या ऐन खरेदीत, १,६५,६०० खात्यातून जाणार. उधारी ६० दिवसांची ऐकायला ऐसपैस वाटते, पण माल विकायला लागायच्या आत ती संपत असेल तर ती उधारी कसली.

पर्याय

२९ सप्टेंबरला बसलो. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आलेली, विसर्जनाच्या मिरवणुका पुण्यात नेहमीप्रमाणे दुसऱ्या दिवशीही चालू, दुकानं अर्धी बंद, म्हणून वेळ मिळाला. काका, दादा, ताई आणि मी, मधे कटिंग चहा.

काकांचं म्हणणं होतं सगळं परत खोक्यात भरा, कुणाच्या तरी गोडाउनमध्ये टाका, दिवाळीपर्यंत नाव नको. भाडं विचारलं तर दोन महिन्यांचे ६,००० शिवाय टेम्पो दोन वेळा. वर झाडं एकदा उघडली की ती परत त्याच खोक्यात जात नाहीत, ज्यांनी घरी प्रयत्न केलाय त्यांना माहीत असेल, फांद्या दाबून दाबून बसवाव्या लागतात आणि निम्मी पानं हातात येतात.

दादाचं म्हणणं होतं पितृपक्षात तसंही कुणी नवीन काही घेत नाही, १४ ऑक्टोबरपर्यंत दुकान थंड असणार, तेव्हा हाच माल पुढे ठेवू, ख्रिस्ती गिऱ्हाइकाला पितृपक्षाचं काय. हे मला त्या दिवशी सगळ्यात पटलं होतं, प्रामाणिकपणे सांगते. नंतर आकडे बघितले तर सप्टेंबर-ऑक्टोबर मिळून निव्वळ नाताळचा माल विकला गेला ४,२०० चा. त्यातही एक बाई ऑस्ट्रेलियाला मुलीला पार्सल पाठवणाऱ्या आणि एकजण शाळेच्या नाटकासाठी दाढी नेणारा.

तिसरा पर्याय, आत्ताच डिस्काउंट लावून थोडा माल मोकळा करायचा, तो लगेच बाद झाला, कारण सीझनच्या आधी सूट दिली की सीझनमध्ये लोक तोच भाव मागतात.

चौथं ताई बोलल्या, आणि त्या बोलल्या तेव्हा आम्ही तिघंही जरा गप्प झालो. "सगळा माल नाताळचा कुठे आहे? सँटा, झाड, गोठा, टोप्या, मोजे हे नाताळचं. सोनेरी बॉल, लाल रिबिन, हिरवी माळ, लायटिंगच्या माळा यांच्यावर कुठे लिहिलंय नाताळ म्हणून? काल एक बाई हिरव्या माळेला तोरण म्हणून घेऊन गेल्या, मी फक्त त्यातली ती लाल फळं उपटून दिली." आणि मग म्हणाल्या चांदणीचं काय, तो कागदी तारा दिवाळीत आकाशकंदील म्हणून जातो आणि नाताळात स्टार म्हणून, तोच पीस, तोच भाव. पुण्यात राहणाऱ्या कुणालाही हे माहीत असतं, दिवाळीत टांगलेली चांदणी कितीतरी गॅलऱ्यांत जानेवारीपर्यंत हलत असते. पण आमच्यापैकी कुणी माल त्या नजरेने बघितलाच नव्हता, बिलावर 'ख्रिसमस आयटम' लिहून आलं म्हणून तो सगळा नाताळचा.

काय केलं

३० सप्टेंबरला माल दोन भागांत वेगळा केला. निव्वळ नाताळचा निघाला साधारण १,१०,००० चा, बाकी ७०,००० चा कुठल्याही सणाला चालणारा. पहिला भाग माळ्यावर, कारण गणपतीचा माल आता उतरलेला होता, माळा रिकामा झाला होता (हे चार आठवडे थांबलो असतो तर कुठल्याही पाटीशिवाय झालं असतं). दुसरा भाग पुढे, सोनेरी माळा आणि रिबिनी नवरात्रीच्या सजावटीत, लायटिंग दिवाळीच्या रॅकवर. एक झाड मात्र दादाने हट्टाने आतल्या कोपऱ्यात उभं ठेवलं, पाटी काढून.

दसरा २४ ऑक्टोबरला होता. दरवर्षी दसरा झाला की काका बोहरी आळीत जाऊन रोखीने आकाशकंदिलांचा दुसरा लॉट उचलतात. त्या वर्षी डोक्यावर चेक. काकांनी लॉट कमी उचलला, दरवर्षी चारशेच्या आसपास कंदील विकले जातात, त्या वर्षी अडीचशेवर संपले आणि लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दोन दिवसांत लोक परत गेले. चेक वटवायला पतसंस्थेतून १,००,००० उचलावे लागले ते वेगळेच.

१६ नोव्हेंबरला, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, नाताळ पुन्हा खाली उतरला. आणि टीचरचं ऐकून २६ डिसेंबरचा सेल रद्द केला, माल ६ जानेवारीपर्यंत तसाच लावून ठेवला, फक्त झाडं मागे सरकवून पुढे हलव्याचे दागिने आणि पतंग आले.

निकाल

हिशोब असा. डिस्काउंटने वाचले १४,४००. धूळ, ऊन आणि पोरांच्या हाताने खराब झालेला माल ६,५००, त्यात गोठ्यातला एक मेंढपाळ आणि दोन राजे, म्हणजे तीन सेट फुकट, कारण दोन राजांचा सेट कोण घेणार. न विकलेले दीडशे कंदील, नगामागे साठ रुपये सुटतात असं धरलं तर ९,०००. पतसंस्थेचं व्याज १,७८०. आणि डिसेंबरात जो प्रकार झाला त्याचे ११,०००.

तो प्रकार असा की डिसेंबरात आलेलं गिऱ्हाईक म्हणायचं, "हे झाड तर मी गणपतीतच बघितलं होतं, जुना माल आहे, कमी करा." त्याच सीझनचा, त्याच वर्षी आणलेला माल, पण गणपतीतच डोळ्यांसमोर आल्याने जुना झाला. पुणेकराला भाव करायला एवढा मुद्दा मिळाला की बास.

एकूण गेले २८,२८०, वाचले १४,४००, म्हणजे १३,८८० चा तोटा. निव्वळ नाताळच्या मालातला ३१ टक्के शेवटी उरला.

यात एक गोष्ट धरलेली नाही कारण तिच्यावर घरात अजून भांडण आहे. एका कॉन्व्हेंट शाळेच्या बाईंनी दसऱ्याच्या खरेदीला आल्यावर कोपऱ्यातलं ते एकुलतं झाड बघितलं आणि नोव्हेंबरात शाळेसाठी २२,००० ची ऑर्डर दिली. दादा म्हणतो लवकर लावण्याचा फायदा तो हाच. काका म्हणतात ती शाळा तशीही आली असती. मला वाटतं दोघंही अर्धे बरोबर आहेत, शाळा, हॉटेलं, ऑफिसं यांना खरंच लवकर ठरवावं लागतं, पण त्यांच्यासाठी शोकेस लागत नाही, ऑक्टोबरात एक फोन आणि चार फोटो पुरतात.

पुढची दोन वर्षं

२०२४ ला होलसेलरला सांगितलं की ऑगस्टमध्ये फक्त बुकिंग करू, २०,००० अ‍ॅडव्हान्स, तेही सहा फुटी झाडं आणि गोठ्याचे सेट जे संपतात तेवढेच, डिलिव्हरी दिवाळीनंतर. तो ८ वरून ३ टक्क्यांवर आला, येणारच होता. बाकी माल लागेल तसा बोहरी आळीतून. आणि नियम केला की भाऊबीज झाल्याशिवाय सँटा खाली उतरणार नाही. त्या वर्षी लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला, भाऊबीज ३ ला, ४ तारखेला माल लागला. उरला १२ टक्के. काका खूष, दादाने नियम लॅमिनेट करून माळ्याच्या शिडीवर चिकटवला.

२०२५ ने त्या लॅमिनेशनची वाट लावली. लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला आलं. नियमाप्रमाणे २४ ऑक्टोबरला सँटा हजर, नाताळ दोन महिने लांब, लोकांच्या घरात अजून फराळाचे डबे उघडे. जवळजवळ तीन आठवडे निव्वळ नाताळच्या मालाची भवानी सुद्धा झाली नाही. यावेळी कुणी फोटो काढला नाही, एवढंच. तेव्हा नियमात पेनाने भर घातली, "भाऊबीज किंवा १० नोव्हेंबर, जे नंतर येईल ते".

या सगळ्यात मला एक अमेरिकेतली गोष्ट आठवत राहते. तिकडे थँक्सगिव्हिंग होईपर्यंत ख्रिसमसचा धंदा सुरू करायचा नाही असा दुकानदारांत रिवाज होता. १९३९ ला नोव्हेंबरात पाच गुरुवार आले, सण शेवटच्या गुरुवारी म्हणजे ३० तारखेला पडत होता, दुकानदारांनी गाऱ्हाणं घातलं की विकायला दिवसच उरत नाहीत, आणि राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी सणच आठवडाभर अलीकडे, २३ ला आणला. जवळपास निम्म्या राज्यांनी ते मानलं, बाकीच्यांनी नाही, तीन वर्षं देशात दोन दोन थँक्सगिव्हिंग, शेवटी १९४१ ला कायदा करून चौथा गुरुवार ठरला. काकांना सांगितलं तर म्हणाले, "आपल्याकडे कुणाला पत्र लिहायचं, पंचांगकर्त्यांना?"

आता वेगळं काय केलं असतं

दादाने फोनवर हो म्हणायच्या आधी काकांना जेवणावरून उठवायला हवं होतं, हे दादा स्वतःच म्हणतो. काकांनी पाटी लावायला नको होती, हे काका म्हणत नाहीत.

माझं मत असं की लवकर माल घेणं ही चूक नव्हती. सहा फुटी झाडं आणि गोठे ऑगस्टमध्ये ठरवले नाहीत तर डिसेंबरात मिळत नाहीत, २०२२ ला तेच झालं होतं. घेणं, ठेवणं आणि मांडणं हे तीन वेगवेगळे निर्णय आहेत आणि त्या दिवशी १९ खोकी दारात उभी राहिल्यामुळे तिन्ही एका दुपारी झाले. खोकी तशीच टेम्पोत ठेवून दोन तास विचार केला असता आणि एखाद्या ओळखीच्याच्या पार्किंगमध्ये महिनाभर ताडपत्रीखाली टाकली असती तरी चाललं असतं.

ताईंना आधी विचारायला हवं होतं. कुठला माल कुठल्या सणाला जातो हे बिलं बघून मला कळत नाही, एमबीए करून दादाला कळलं नाही, काउंटरवर उभं राहून त्यांना कळलं. आणि तो गाणारा सँटा दिवसाला पन्नास वेळा त्यांनाच ऐकायला लागत होता, तो पुढे ठेवायचा निर्णय ज्यांनी घेतला ते दोघं दिवसभर बाहेर.

आणि माझी चूक. बिल माझ्याकडे ४ सप्टेंबरला आलं, एंट्री मी केली, ड्यू डेटच्या रकान्यात १ नोव्हेंबर मीच टाईप केलं, आणि १२ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन आहे हे मला पाठ असूनही या दोन तारखा एकमेकींशेजारी ठेवून बघितल्या नाहीत. एक महिना आधी बोलले असते तर चेक डिसेंबरपर्यंत पुढे ढकलायला होलसेलर कदाचित तयार झाला असता, आणि ते दीडशे कंदील तरी आले असते.

यंदा २०२६ ला ज्येष्ठ अधिक होता, म्हणजे पुन्हा सगळं पुढे, चतुर्थी १४ सप्टेंबर, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबर, दिवाळी ते नाताळ ४७ दिवस. परवा होलसेलरचा मेसेज आलाय, यावेळी १० टक्के आणि ६० दिवस, ऑगस्टअखेर उचलायचं. काकांनी तो जसाच्या तसा मला फॉरवर्ड केला आणि खाली एकच ओळ लिहिली, "ड्यू डेट सांग आधी." मी लिहिलं, ३० ऑक्टोबर. त्यावर नुसता हात जोडल्याचा इमोजी आला, आता तो मला होता की होलसेलरला ते विचारलं नाही.